गाडीचा ब्लोअर बंद पडला: दुरुस्तीच्या नोंदी, सातारा, जुलै-ऑगस्ट २०२४

२० जुलै २०२४, शनिवार

गुरुवारी संध्याकाळी मेढ्याहून साताऱ्याला परत येताना गाडीचा ब्लोअर, म्हणजे आत हवा सोडणारा पंखा, पूर्णपणे बंद पडला. कण्हेर धरणाच्या परिसरात पावसाचा जोर वाढला, समोरची काच आतून धूसर होऊ लागली आणि काचेवर गरम हवा सोडण्यासाठी बटण चौथ्या क्रमांकावर फिरवले, तेव्हा पंख्याचा आवाज आलाच नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पहिले तीन वेग बंद होते व केवळ चौथा चालत होता. आता तोही गेला. गाडी २०१३ सालची लहान पेट्रोल हॅचबॅक असून हीटर आणि एसी या दोहोंसाठी तिच्यात एकच ब्लोअर आहे.

हीटरचे काम थंडीतल्या पहाटेपुरते असते, असा आपल्याकडे समज आहे. सातारा, मेढा, महाबळेश्वर या पट्ट्यात मात्र त्याची खरी गरज आषाढ-श्रावणात लागते. गाडीत चार माणसे ओल्या कपड्यांनी बसली, आतले तापमान २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के झाली, की दवबिंदू २२ अंशांच्या आसपास येतो. बाहेरून पावसाने भिजणारी काच त्याहून थंड असते, म्हणून तिच्यावर आतून बाष्प जमते. कापडाने पुसलेली काच मिनिटभरात पुन्हा धूसर होते, कारण हवेतील बाष्प तेवढेच राहते. एसीच्या थंड जाळीवर हवेतील पाणी निथळू द्यायचे आणि तीच कोरडी हवा हीटरच्या जाळीवरून गरम करून काचेवर सोडायची, हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे, आणि तो सर्वस्वी ब्लोअरवर अवलंबून आहे. या गाडीत तर ब्लोअरचे बटण शून्यावर असेल किंवा त्याचा परिपथ तुटलेला असेल तर एसीचा कॉम्प्रेसरही सुरू होत नाही.

आज जागेवरच काही गोष्टी पाहून ठेवल्या. इंजिन तापल्यावर हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या गरम लागतात, म्हणजे गरम पाण्याचा प्रवाह ठीक आहे. गाडी वेगात असताना डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीतून थोडी कोमट हवा येते. ती पंख्याची नसून बाहेरच्या वाऱ्याच्या दाबाने आत शिरलेली आहे, आणि गाडी थांबताच ती बंद होते. ब्लोअर हळू चालतो आहे की मुळीच चालत नाही, हे ठरवताना या हवेमुळे फसगत होऊ शकते, म्हणून तपासणी उभ्या गाडीतच करावी. दुरुस्ती होईपर्यंत घाटात गाडी न्यायची नाही असे ठरवले आहे. मेढ्याला जाणे-येणे एसटीने होईल.

२१ जुलै २०२४, रविवार

काहीही खोलण्यापूर्वी परिपथाचा आराखडा वहीत काढला. बॅटरीकडून येणारा प्रवाह ३० अँपिअरच्या फ्यूजमधून आणि रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) थेट मोटरीच्या धन टोकाला जातो. मोटरीच्या ऋण टोकाकडून निघालेली वायर रेझिस्टरच्या, म्हणजे प्रवाह अडवून पंख्याचा वेग कमी करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांच्या, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) येते. तेथून चार वायरी डॅशबोर्डवरच्या बटणाकडे जातात आणि बटण आपल्या स्थितीप्रमाणे त्यांपैकी एकीला गाडीच्या बॉडीशी, म्हणजे अर्थशी, जोडते. पहिल्या वेगाला प्रवाह रेझिस्टरच्या तिन्ही वेटोळ्यांमधून जातो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, आणि चौथ्याला वेटोळी वगळून सरळ जातो. वेगाचे नियंत्रण अशा रीतीने अर्थच्या बाजूला आहे. काही गाड्यांत ते धन बाजूला असते, आणि स्वयंचलित एसी असलेल्या बऱ्याच गाड्यांत तारेच्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तेथे पुढच्या चाचण्या जशाच्या तशा लागू पडणार नाहीत.

आराखड्यावरूनच जूनमधल्या लक्षणाचा उलगडा होतो. केवळ चौथा वेग चालणे म्हणजे मोटर, फ्यूज, रिले आणि बटणाचा अर्थ शाबूत असून रेझिस्टर तुटलेला असणे. आता चौथाही गेला आहे, त्यामुळे सर्व वेगांना सामाईक असलेल्या एखाद्या जागी दुसरा बिघाड झाला असला पाहिजे. तो कोठे आहे ते शोधणे आणि दोन्ही बिघाडांचा परस्परांशी संबंध आहे का ते पाहणे, असे कामाचे दोन भाग केले.

फ्यूज काढून डोळ्यांनी पाहिला. तो अखंड होता. परंतु तेवढ्यावर विसंबणे योग्य नाही, आणि मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वाट मोकळी आहे असे समजणेही योग्य नाही. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे केसाएवढा एक तंतू शिल्लक असलेल्या वायरीतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून मागच्या दिव्याचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून घेतला. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि वाट कमकुवत असेल तर मंद पेटून ते लगेच दाखवून देतो.

डाव्या बाजूचा कप्पा उतरवून मोटरीच्या कपलरपर्यंत पोहोचले. चावी फिरवल्यावर रिलेचा टिक असा आवाज आला. धन टोक आणि बॉडी यांच्यामध्ये बल्ब लख्ख पेटला. फ्यूज आणि रिले दोषमुक्त. त्यानंतर कपलर जोडलेला ठेवून, बटण चौथ्या क्रमांकावर असताना, मोटरीच्या दोन्ही टोकांचे व्होल्टेज बॉडीच्या संदर्भाने मोजले. धन टोकाला १२.४ आणि ऋण टोकालाही १२.४ मिळाले.

या एका जोडीवर संपूर्ण निदान उभे आहे, म्हणून ती सविस्तर लिहून ठेवते. मोटर आतून तुटलेली असती, तर धन टोकाला १२.४ व्होल्ट आणि ऋण टोकाला, अर्थ मिळत असल्यामुळे, जवळजवळ शून्य दिसले असते. येथे दोन्हीकडे सारखेच व्होल्टेज आहे. याचा अर्थ ते मोटरीच्या गुंडाळीतून आरपार पोहोचते आहे, पण प्रवाहाला पुढे जायला वाट नाही. मोटर अखंड आहे. तिला अर्थ मिळत नाही.

खात्रीसाठी ऋण टोक २० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या जाड वायरीने थेट बॉडीला जोडले. पंखा फिरला. मात्र तो सहज फिरला नाही. सुरुवातीला अडखळला, नंतर खरखरीचा आवाज करीत राहिला. आमच्या गल्लीत राहणारे, चाळीस वर्षे गाड्यांचे वायरिंग केलेले मामा दुपारी त्यांचा डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) घेऊन आले होते. या मापनासाठी मल्टिमीटरची १० अँपिअरची वाट वापरता येत नाही, आणि घरातल्या वायरिंगसाठी मिळणारा साधा क्लॅम्प मीटर एकदिश (डीसी) प्रवाह दाखवत नाही. इंजिन बंद असताना आकडा आला १७ अँपिअर. मामा म्हणाले, “ताई, एवढ्या गाडीला एवढा करंट न्हाई लागत. मोटर जड झालीया.”

२३ जुलै २०२४, मंगळवार

कॉलेजवरून आल्यावर रेझिस्टर काढला. तो ब्लोअरच्या हवेच्या मार्गात, प्लॅस्टिकच्या आवरणात खोचलेला आणि दोन स्क्रूंनी धरलेला असतो. कपलर हाताने निघेना. निघाला तेव्हा चौथ्या वेगाची पिन ज्या घरात बसते ते घर तपकिरी होऊन वितळलेले, पितळी टर्मिनल काळे पडून सैल झालेले आणि मागची वायर सालीसकट कडक झालेली दिसली. मोटरीचे ऋण टोक याच पिनेवर येते व चौथ्या वेगाची वायर येथूनच निघते. सर्व वेगांना सामाईक असलेली जागा ती हीच, आणि दुसरा बिघाडही हाच.

मग रेझिस्टर मोजला. मीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२ ओहम वजा केल्यावर तिसऱ्या आणि दुसऱ्या पिनेमध्ये ०.६, दुसऱ्या आणि पहिल्यामध्ये १.३ ओहम मिळाले. म्हणजे ही वेटोळी शाबूत आहेत. सामाईक पिनेपासून मात्र कोणत्याही पिनेपर्यंत वाट नाही. सामाईक पिनेलगतचा उष्णता-फ्यूज (फार तापल्यावर वाट तोडणारा) उडाला आहे, आणि पहिले तीन वेग त्यामुळेच गेले होते.

उष्णतेचा हिशेब केल्यावर दोन्ही बिघाड एकाच कारणाकडे बोट दाखवतात. टर्मिनल थोडे सैल होऊन तेथे ०.०५ ओहम एवढा अडथळा निर्माण झाला असे धरले, तर १७ अँपिअरला त्या एका सांध्यात १४ वॅटांहून अधिक उष्णता निर्माण होते. निरोगी मोटर ११-१२ अँपिअर घेते असे धरले, तर तोच सांधा ७ वॅटांच्या आसपास तापेल. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रवाह दीडपट झाला की ती दुपटीच्या पुढे जाते. तापलेल्या टर्मिनलचा स्प्रिंगसारखा ताण कमी होतो, ते आणखी सैल होते, अडथळा वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. केवळ रेझिस्टर नवा बसवला असता, तर मोटर जड राहिल्यामुळे तोही याच वाटेने गेला असता.

उडालेल्या उष्णता-फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून काम चालवण्याची पद्धत अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती धोकादायक आहे, आणि ती का धोकादायक आहे हे आकड्यांनी दाखवता येते. पहिल्या वेगावर मोटर जागच्या जागी अडकली, तर रेझिस्टरचे सुमारे २.३ आणि थांबलेल्या मोटरीचे सुमारे ०.४ ओहम मिळून प्रवाह साडेचार अँपिअरच्या थोडा वर राहील. ३० अँपिअरच्या फ्यूजला त्याची जाणीवही होणार नाही. परंतु रेझिस्टरमध्ये जवळजवळ ५० वॅट उष्णता निर्माण होईल, आणि पंखा थांबल्यामुळे ती वाहून नेणारी हवाही नसेल. डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकला लागून, वाळलेल्या पाल्याच्या शेजारी २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग इस्त्र्या चालू ठेवण्यासारखे ते आहे. उष्णता-फ्यूज असतो तो याच प्रसंगासाठी.

२७ जुलै २०२४, शनिवार

मोटर काढली. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडले. प्रवाशाच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीत तर ते सोडून काही मिनिटे थांबल्याशिवाय डॅशबोर्डच्या त्या भागाला हात लावू नये. मोटर तीन स्क्रूंवर असते, त्यांपैकी मागचा दिसत नाही व बोटांनी चाचपून शोधावा लागतो.

पंख्याच्या पाकळ्यांमध्ये ओला पाला आणि काळी माती साचली होती. मोटरीच्या आवरणावर गंजाचा एक ओघळ वरून खाली आला होता. पंखा हाताने फिरवला तर तो अर्ध्या फेरीतच थांबला. निरोगी मोटरीतही चुंबकाची थोडी अडखळ जाणवते, पण ती समान अंतरावर आणि हलकी असते; ही एकाच जागी घट्ट होती.

मामांनी आवरणाच्या वळवलेल्या पट्ट्या उघडून मोटर खोलली. कार्बन ब्रश झिजले होते, तरी वापरण्याजोगे होते. ब्रश ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर चर पडले होते. खरा दोष वरच्या बुशमध्ये, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत, होता. हे बुश सच्छिद्र धातूचे असते आणि त्याच्या छिद्रांत मुरलेले तेल शाफ्टला वर्षानुवर्षे वंगण देत राहते. पाणी शिरल्याने तेल गेले, शाफ्टला गंज चढला, आणि त्या खरखरीत शाफ्टने बुश एका अंगाने खाल्ले. मामांचे म्हणणे असे पडले, “बुश बदलून मिळंल, पर शाफ्टच खाल्लाय. चार म्हयन्यात परत तुमी माझ्याकडं याल.” त्यांनी स्वतःच्या हातचे काम नाकारून नवी मोटर घेण्याचा सल्ला दिला, हे येथे मुद्दाम नमूद करते.

गंज सोडवणारा पातळ स्प्रे बुशवर मारून मोटर मोकळी करता येते, पण तो उपाय करू नये. तो उरलेसुरले तेलही धुऊन नेतो. काही दिवस मोटर हलकी वाटते आणि नंतर पूर्वीपेक्षा लवकर जाम होते.

मोटर नवी आणायची हे ठरले. तथापि गंजाचा ओघळ वरून खाली आला आहे, हे महत्त्वाचे आहे. पाणी कोठून येते ते शोधल्याशिवाय नवी मोटर त्याच जागी बसवणार नाही.

२८ जुलै २०२४, रविवार

वायपरच्या दोन्ही दांड्या आणि त्याखालची प्लॅस्टिकची जाळी काढली. काचेच्या पायथ्याशी असलेल्या या पन्हळीत पावसाचे पाणी जमते आणि दोन्ही टोकांच्या निचऱ्यातून मडगार्डच्या आत उतरते. ब्लोअरला बाहेरची हवा मिळण्याचे तोंडही याच पन्हळीत असते, फक्त तळापासून थोड्या उंचीवर, भोवती कठडा असलेले. निचरा मोकळा असेल तोवर पाणी त्या कठड्यापर्यंत पोहोचत नाही.

डाव्या टोकाचा निचरा पूर्ण बुजला होता. गाडी अंगणाबाहेरच्या गुलमोहराखाली उभी असते. गुलमोहराची मोठी पाने अडचण करीत नाहीत. त्यांच्या जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या पर्णिका जाळीच्या फटींतून सहज आत जातात, मातीबरोबर चिकटून त्यांचा लगदा होतो आणि तो निचऱ्याच्या तोंडाच्या रबरी पडद्यात अडकतो. तांब्याने पाणी ओतून पाहिले. पातळी चढत गेली आणि कठडा ओलांडून ब्लोअरच्या तोंडात पाण्याची धार लागली. मोटर काढलेलीच असल्यामुळे ते पाणी थेट पायाखाली घातलेल्या घमेल्यात पडले.

लगदा हाताने उपसला. रबरी पडदा बाहेर काढून धुतला. नळीत तार घातली नाही, कारण टोकदार तारेने रबर फाटते आणि सांधाही निसटू शकतो. जुन्या दोरीचे टोक वर-खाली ओढून नळी साफ केली. दुसऱ्यांदा पाणी ओतले तेव्हा ते चाकामागून मोकळे वाहिले आणि पन्हळीत पातळी चढली नाही.

गाडी कमी किमतीच्या श्रेणीतली असल्याने तिच्यात केबिन फिल्टर, म्हणजे आत येणाऱ्या हवेतला कचरा अडवणारा फिल्टर, मुळात बसवलेलाच नाही. खाचेवर नुसते झाकण आहे. पाला पाकळ्यांपर्यंत पोहोचला तो या कारणाने.

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार

मोटर पोवई नाक्याजवळ मिळाली. रेझिस्टरसाठी वेळ द्यावा लागला. पहिल्या दुकानात दाखवलेल्या स्वस्त रेझिस्टरवर वेटोळी होती, पण उष्णता-फ्यूज नव्हता. सामाईक पिनेपासून तार सरळ निघाली होती. तो घेतला नाही. दुसऱ्या दुकानात मिळालेला काउंटरवरच मीटरने मोजला. सामाईक पिनेपासून ०.४, १.० आणि २.३ ओहम आले आणि उष्णता-फ्यूजही जागेवर होता. दुकानदारांनी मोजण्यास आनंदाने परवानगी दिली आणि स्वतःही आकडे टिपून घेतले. कपलर वायरींसकट हवा होता. तो पुण्याहून आला.

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

आज जोडणीचे काम केले. जळका कपलर कापताना वायर किती मागे कापावी हा प्रश्न होता. वरून साल चांगली दिसत असली तरी आतले तांबे उष्णतेने काळवंडलेले असते, आणि काळ्या तांब्यावर सोल्डरही बसत नाही व दाबसांधाही नीट धरत नाही. चकचकीत तांबे दिसेपर्यंत वायर मागे कापत गेले. चौथ्या वेगाच्या वायरीत ते अंतर बोटभर निघाले. नव्या वायरी जुन्यांहून बारीक नाहीत ना, हे जाडी शेजारी शेजारी धरून पाहिले. सांधे सोल्डरने न करता दाबपकडीने केले, कारण सोल्डर वायरीत चढून तो भाग ताठर होतो आणि हादऱ्यांनी नेमका तेथेच तुटतो. प्रत्येक सांध्यावर आतून गोंद असलेली आकुंचन नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) चढवली. पाचही सांधे एकाच रांगेत येऊ दिले नाहीत, नाहीतर जुडगा जाड होऊन कप्पा बसत नाही.

नवी मोटर बसवण्यापूर्वी तिची फिरण्याची दिशा पाहिली. अशा पिंजऱ्याच्या आकाराच्या पंख्यात वायरी उलट जोडल्या तरी हवा बाहेरच येते, फक्त फार कमी येते. छताच्या पंख्याप्रमाणे ती उलट्या दिशेने वाहत नाही, म्हणून ही चूक लक्षात येत नाही आणि नव्या मोटरीलाच कमी जोराची ठरवले जाते. पाकळ्यांचा बाक आणि आवरणावरचा बाण जुळला.

बटणाच्या मागचा कपलरही काढून पाहिला. तोच १७ अँपिअर इतके दिवस त्यातूनही गेला आहे. रंग बदललेला नाही, टर्मिनल घट्ट आहेत.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

सकाळी इंजिन चालू ठेवून सर्व मापने घेतली. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते. प्रवाह पहिल्या वेगाला ३.२, दुसऱ्याला ५.३, तिसऱ्याला ७.७ आणि चौथ्याला ११.५ अँपिअर. जुनी मोटर इंजिन बंद असताना, म्हणजे कमी व्होल्टेजवरही, १७ घेत होती, हे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे.

चौथ्या वेगावर वायरींत आणि सांध्यांत वाया जाणारे व्होल्टेज मोजले. बॅटरीच्या धन टोकापासून मोटरीच्या धन टोकापर्यंत ०.४ आणि मोटरीच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ०.४ व्होल्ट, त्यापैकी बटणाच्या संपर्कात केवळ ०.१२. मोटरीला १३ व्होल्ट मिळत आहेत. एवढ्या जुन्या वायरिंगसाठी हे समाधानकारक आहे. दुरुस्ती झाली असे मी या आकड्यांवरून म्हणते. पंखा फिरतो एवढ्यावरून म्हटले नसते.

याच आकड्यांतून एक लक्षणीय गोष्ट निघाली. रेझिस्टरमध्ये पहिल्या वेगाला आणि तिसऱ्या वेगाला प्रत्येकी सुमारे २४ वॅट उष्णता होते, पण दुसऱ्याला २८. सर्वांत हळू वेगावर रेझिस्टर सर्वांत जास्त तापतो, हा सर्वसाधारण समज या गाडीत तरी खरा नाही. अर्थात पहिल्या वेगाला हवाही सर्वांत कमी असते, त्यामुळे रेझिस्टरचे प्रत्यक्ष तापमान कोणत्या वेगाला जास्त राहील हे केवळ वॅटांवरून ठरत नाही.

मामांशी फिल्टरविषयी बोलणे झाले. हवेचा मार्ग तुंबला की मोटरवर ताण येतो आणि ती जास्त करंट ओढते, असे त्यांचे पक्के मत. मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि मला उलट वाटत होते: या प्रकारचा पंखा हवा बाहेर फेकण्याचे काम करतो; हवाच कमी मिळाली तर कामही कमी, म्हणून प्रवाह घटला पाहिजे. वाद घालण्यापेक्षा करून पाहणे बरे, म्हणून क्लॅम्प मीटर लावून ठेवला आणि जाळी काढलेल्या पन्हळीत ब्लोअरचे तोंड पुठ्ठ्याने बरेचसे झाकले. पंख्याचा आवाज चढला, म्हणजे वेग वाढला, आणि प्रवाह ११.५ वरून ८ च्या आसपास उतरला. मामांनी पुठ्ठा स्वतःच्या हातात घेऊन तेच पुन्हा केले, आकडा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, “म्हंजे मोटर न्हाई, रेझिस्टर जळतो. त्याला वारं लागत न्हाई.” त्यांच्या या वाक्यात प्रयोगाचा पुढचा अर्धा भाग आला. तुंबलेल्या फिल्टरने मोटरीचा भार कमी होतो, पण रेझिस्टरला आणि खुद्द मोटरीलाही थंड ठेवणारी हवा कमी पडते. फिल्टर तुंबला की रेझिस्टर जातात, हा त्यांचा अनुभव खराच होता. कारण वेगळे निघाले.

१० ऑगस्ट २०२४, शनिवार

आज गाडी मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वरपर्यंत नेली. घाटात ढग रस्त्यावर उतरले होते आणि पाऊस सलग होता. एसी आणि हीटर दोन्ही चालू, बाहेरची हवा घेणारी स्थिती, रोख काचेकडे आणि वेग तिसरा, अशी मांडणी ठेवली. काच खालच्या कडेपासून वरपर्यंत मोकळी झाली आणि तशीच राहिली. आतलीच हवा फिरवण्याची स्थिती मुद्दाम थोडा वेळ लावून पाहिली. एसी बंद करताच कडेने धूसरपणा सुरू झाला. पावसात बाहेरची हवा घेणेच योग्य, हे त्यावरून पुन्हा स्पष्ट झाले. अशा धुक्यात समोरच्या गाडीचा मागचा दिवा पन्नास पावलांवर दिसणे आणि वीस पावलांवर दिसणे यांतला फरक घाटात फार मोठा असतो.

महाबळेश्वरला पोहोचताच कप्पा उतरवून रेझिस्टरच्या कपलरला हात लावला. तो कोमट होता. बोट टिकत होते. सांध्यांवरच्या नळ्यांचा रंग बदललेला नाही. प्रवाशाच्या बाजूची सतरंजी उचलून पाहिली, ती कोरडी आहे.

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार

जाळी उचलून पन्हळ पाहिली. डाव्या बाजूला पर्णिकांचा पातळ थर पुन्हा जमू लागला आहे, तो काढला. पाणी ओतले, निचरा मोकळा आहे. गाडी आता गुलमोहराच्या पलीकडे, भिंतीलगत उभी करते, तरी वाऱ्याने पाला येतोच, त्यामुळे पावसाळ्यात ही पाहणी पंधरवड्याला करावी लागेल.

चौथ्या वेगाचा प्रवाह ११.४ अँपिअर. फिल्टरची चौकट मागवली आहे. ती बसवल्यावर चारही वेगांचे आकडे पुन्हा घेऊन याच वहीत ४ ऑगस्टच्या नोंदीशेजारी लिहायचे आहेत, आणि फिल्टर साफ करण्याची वेळ त्यापुढे चौथ्या वेगाचा प्रवाह किती उतरतो यावरून ठरवायची आहे.